बॅस्ट्रपला दोन दिवस: आधी नदीचा आकडा, मग बॅग

टेक्सासमधल्या मराठी घरात उन्हाळ्यात आई-बाबा आले की वीकेंडचा कार्यक्रम जवळपास छापील असतो, पहिल्या वीकेंडला नासा, दुसऱ्याला पेअरलँडचं मीनाक्षी मंदिर, तिसऱ्याला सॅन अँटोनियोचा रिव्हरवॉक, आणि चौथ्या वीकेंडपासून सगळे मिळून कॉस्टको. हे लिहितेय ते त्या चौथ्या वीकेंडसाठी.

गावाचं नाव बॅस्ट्रप. स्पेलिंग बघून आपण सगळे बॅस्ट्रॉप म्हणतो, तिथले लोक बॅस्ट्रप म्हणतात, शेवटचं अक्षर जवळपास गिळूनच टाकतात. ऑस्टिनपासून साधारण ३० मैल, कोलोराडो नदीच्या काठावर, १८३२ मध्ये वसलेलं. (ग्रँड कॅन्यनवाली कोलोराडो वेगळी हं, ही टेक्सासमध्येच उगवते आणि टेक्सासमध्येच समुद्राला मिळते, सासऱ्यांना हे पटवायला मला मॅप उघडावा लागला होता.) आम्ही ह्यूस्टनजवळच्या केटीला राहतो, आतापर्यंत चार वेळा गेलोय, त्यातली पहिली ट्रिप पूर्ण फसली, आणि ती का फसली हे कळल्यावरच पुढच्या तीन जमल्या. म्हणून सुरुवात त्या फसलेल्या ट्रिपपासूनच करते.

मे महिना होता. सासू-सासरे सांगलीहून आलेले, मुलांना कयाकचं वेड लागलेलं, बुकिंग वगैरे सगळं झालेलं. शनिवारी सकाळी नदीवर पोचलो तर पाणी गढूळ, चहासारखं, मधून अख्ख्या फांद्या वाहत चाललेल्या, आणि कयाकवाल्याकडे "आज बंद" अशी पाटी. आदल्या तीन दिवसांत ऑस्टिनच्या बाजूला पाऊस झालेला, आणि आमच्याकडे केटीला मात्र लख्ख ऊन, त्यामुळे आम्हाला पत्ताच नाही. सासरे काठावर हाताची घडी घालून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "पाणी किती फुटांवर आहे ते न विचारता निघालो आपण?"

आता सांगलीचा माणूस. त्यांच्याकडे पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न "आयर्विनला (म्हणजे नदीवरच्या आयर्विन पुलाला) पाणी किती?" हाच असतो, दुसरा प्रश्न "कोयनेतून विसर्ग किती क्युसेक?" २०१९ चा पूर घरात बघितलेला माणूस. त्यांचं बरोबर होतं आणि आम्ही गप्प बसलो.

तारीख कशी ठरवायची

तर पहिलं काम म्हणजे तारीख. जुलै-ऑगस्ट सोडून द्या, पारा ३८ अंशाच्या आसपास असतो आणि नदीवर सावली नसते, काठावर झाडं आहेत पण तुम्ही मध्यात असता ना. आई-बाबांचा व्हिसा उन्हाळ्यातलाच असेल आणि दुसरा इलाजच नसेल तर सगळं सकाळी सात ते अकरामध्ये बसवा आणि दुपार एसीत काढा. सगळ्यात भारी म्हणजे ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबर. नाहीतर मार्चचा शेवट ते एप्रिलचा मध्य, तेव्हा ब्लूबॉनेट फुललेली असतात आणि हायवे ७१ च्या कडेला लोक मुलांना फुलांत बसवून फोटो काढत असतात. तुम्हीही काढाल, आम्हीही काढला, फक्त बसवायच्या आधी खाली फायर अँटचं वारूळ नाही ना ते बघा. मऊ मातीचा छोटासा उंचवटा दिसतो, साधा, निरुपद्रवी, आणि मग पुढचे दोन दिवस पायावर पू भरलेले बारीक फोड.

डिसेंबरचं वेगळं प्रकरण आहे. नदीकाठच्या पायवाटेवर दिव्यांची रोषणाई करतात, रिव्हर ऑफ लाइट्स म्हणतात तिला, संध्याकाळी थंडीत चालायला मस्त वाटतं. पण डिसेंबर ते फेब्रुवारी या भागात सीडर नावाच्या झाडाच्या परागांचा त्रास असतो, ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याने गोळ्या घेऊनच जायचं.

मे महिना बघायला सुंदर असतो पण वादळांचा. २०१५ च्या मे मध्ये इतका पाऊस झाला की तिथल्या स्टेट पार्कमधल्या तळ्याचा बांध फुटला. जायचंच असेल तर बुकिंग कॅन्सल होणारं घ्या.

नदीचा आकडा

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण अख्खी ट्रिप यावर. बॅस्ट्रपला नदीवर यूएसजीएस या सरकारी भूशास्त्र संस्थेचं मोजमाप केंद्र आहे, आणि एलसीआरए म्हणून जी संस्था या नदीवरची धरणं सांभाळते तिची हायड्रोमेट नावाची साईट आहे, दोन्हीकडे त्या त्या वेळचे आकडे फुकट दिसतात. दोन गोष्टी बघायच्या, पाण्याची उंची फुटांत आणि प्रवाह क्यूबिक फूट पर सेकंदमध्ये, म्हणजे आपला क्युसेक. सासऱ्यांना फोनवर हे दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की बास, नंतर महिनाभर रोज सकाळी आधी आयर्विन आणि मग बॅस्ट्रप असा त्यांचा क्रम झाला.

नुसता आजचा आकडा बघू नका, मागच्या सात दिवसांचा ग्राफ उघडा. रेघ सपाट असेल तर उत्तम. रेघ वर चढत असेल तर कितीही ऊन असलं तरी विसरा, कारण पाणी ऑस्टिनच्या बाजूने येतं, वरच्या पावसाचं आणि धरणांतून सोडलेलं. तुमच्या डोक्यावर ढग नाही म्हणजे नदीला पाणी नाही असं नसतं. रेघ खूपच खाली असेल तरी एक वैताग असतो, मध्ये मध्ये गोट्यांची बेटं उघडी पडतात आणि कयाकमधून उतरून ती ओढत न्यावी लागते. आम्ही एकदा नोव्हेंबरमध्ये चारेक वेळा उतरलो, मुलांना तीच सगळ्यात मोठी मजा वाटली, माझ्या कंबरेला नाही वाटली.

गुरुवारी रात्री ग्राफ, शुक्रवारी सकाळी कयाकवाल्याला फोन. "उद्या पाणी कसं आहे, लहान मुलं आहेत" एवढंच विचारायचं. ती माणसं रोज नदीवर असतात, ती नको म्हणाली तर नको.

राहायचं कुठे

तीन पर्याय, आणि तिन्हींची आपापली गोची आहे.

एक, हायवेवरची नेहमीची चेन हॉटेलं. लिफ्ट आहे, ब्रेकफास्ट आहे, गावापासून पाच-दहा मिनिटांवर. मजा काही नाही पण म्हाताऱ्या माणसांना त्रासही काही नाही.

दोन, गावातली जुनी घरं, बेड अँड ब्रेकफास्ट किंवा भाड्याने मिळणारी. फोटोत इतकी सुंदर दिसतात की बोट आपोआप बुक बटणावर जातं. थांबा. अशा घरात झोपायच्या खोल्या बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर, जिना लाकडी, अरुंद आणि चढा, आणि बाथरूममध्ये तो नखांच्या पायांचा जुना टब, ज्याची कड माझ्या गुडघ्याच्या वर येते. सासूबाई त्या टबासमोर उभ्या राहिल्या, एकदा टबाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "यात उतरायचं कसं आणि उतरले तर काढणार कोण?" शेवटी बादली शोधली, ती मिळाली नाही, मग किचनमधलं मोठं पातेलं घेतलं. घरमालकीण बिचारी फार चांगली होती, चूक आमचीच, आम्ही विचारलंच नव्हतं. तर विचारायचं ते हे: खाली झोपायची खोली आहे का, उभ्याने शॉवर आहे का, किचन वापरता येतं का.

तीन, बॅस्ट्रप स्टेट पार्कमधल्या दगडी केबिन, माझा जीव ज्यांच्यावर आहे त्या. १९३० च्या मंदीत बेकार तरुणांना काम द्यायला सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर म्हणजे सीसीसी काढली होती, त्या पोरांनी इथलाच वालुकाश्म आणि इथलंच पाइनचं लाकूड वापरून या बांधल्या. जमिनीतूनच उगवल्यासारख्या दिसतात, बाहेरून ओबडधोबड दगड आणि आत गेलं की लाकडाचा वास. हे सगळं काम इतकं जपण्यासारखं मानलं गेलं की १९९७ मध्ये पार्कला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. पण केबिन मोजक्याच आहेत आणि स्टेट पार्कचं रात्रीचं बुकिंग पाच महिने आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरचा वीकेंड हवा तर जूनमध्ये बसायचं, अगदी तत्काळ तिकीट काढतो तसं. शुक्रवार आणि शनिवार दोन्ही रात्री धरून शोधा. आणि नाहीच मिळालं तर रोज एकदा साईट उघडत राहा, लोक आठवडाभर आधी कॅन्सल करतात, आमची दुसऱ्या वेळची केबिन अशीच मिळाली.

नुसतं दिवसभरासाठी पार्कात जायचं असेल तरी वीकेंडला पास आधी काढून ठेवा, तीस दिवस आधीपासून ऑनलाइन मिळतो. मोठ्या माणसाला दिवसाला ५ डॉलर, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. वर्षाचा पासही मिळतो, त्यात तुमच्या गाडीतल्या सगळ्यांची एंट्री होते. वर्षात तीन-चार पार्क करणार असाल आणि गाडीत पाहुणे भरलेले असतील तर घेऊनच टाका.

रस्ता

ह्यूस्टनकडून आय-टेनने कोलंबस, तिथून ७१ धरायचा, ला ग्रेंज, स्मिथव्हिल, मग बॅस्ट्रप. केटीहून न थांबता पावणेदोन-दोन तास. ऑस्टिनकडून तर काहीच नाही, एअरपोर्टवरून तोच ७१ उलट्या दिशेने, पण शुक्रवारी संध्याकाळी निघू नका, हल्ली स्पेसएक्सचा स्टारलिंक कारखाना वगैरे त्याच बाजूला आलाय आणि ट्रॅफिक बघण्यासारखा झालाय. डॅलसवाल्यांनो, तुम्हाला साडेतीन तास धरा, एका रात्रीसाठी येऊ नका.

ला ग्रेंजला थांबायचंच. या पट्ट्यात चेक लोक येऊन वसले, त्यांचे कोलाचे हायवेवरच्या बेकऱ्यांत मिळतात, मऊ पावाच्या मध्ये खड्डा करून त्यात जर्दाळू, चीज नाहीतर खसखस. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवा, आतून बंद असलेला, लांबट दिसणारा जो प्रकार असतो त्यात सॉसेज असतं, त्याचं खरं नाव क्लोबासनेक आहे पण काउंटरवर सगळ्यालाच कोलाचे म्हणतात. फळाचा वरून उघडा असतो, आत काय आहे ते दिसतं, तोच मागा. खसखशीचा सासूबाईंना फार आवडला, अनारशाची आठवण आली म्हणाल्या, मला नाही आली पण असो.

शनिवार सकाळ, नदी

आठच्या आत नदीवर. गावातच फिशरमन्स पार्क आहे, तिथून कयाक पाण्यात सोडायची. एल कॅमिनो रिआल पॅडलिंग ट्रेल असं भारदस्त नाव आहे, सहा मैल, खाली ताहिशियन व्हिलेज नावाच्या वस्तीजवळ बाहेर पडायचं (या वस्तीतल्या रस्त्यांची नावं हवाईतली, इतकी लांब की जीपीएसवाली बाई अडखळते). आणखी दमदार ट्रेल हवा असेल तर वरच्या अंगाचा विल्बार्गर ट्रेल १४ मैलांचा आहे, पण मुलं असतील तर नको, अर्ध्यात चिडचिड सुरू होते आणि नदीत अर्ध्यात थांबून रिक्षा मिळत नाही.

सहा मैलांना आम्हाला फोटो, खाणं, बेटावर दगड गोळा करणं हे सगळं धरून तीन तास लागले. पाणी संथ आहे, पहिल्यांदा वल्हं हातात घेणाऱ्याला जमतं. पण हे सोपं वाटतं म्हणून लाइफ जॅकेट काढून मांडीखाली ठेवायचं नाही. टेक्सासचा कायदा तेरा वर्षांखालच्या मुलांना बोटीत जॅकेट घातलेलंच पाहिजे असं सांगतो, आणि मोठ्यांनीही घाला, उगाच शहाणपणा नको.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. तुमची गाडी वर राहते आणि तुम्ही खाली बाहेर पडता. कयाक भाड्याने घेतली तर बहुधा तेच गाडीने नेणं-आणणं करतात, बुक करताना विचारून घ्या आधी वर नेतात की नंतर खालून आणतात. स्वतःच्या कयाक असतील तर दोन गाड्या लागतील, आणि खालच्या गाडीची किल्ली तुमच्याकडे पाहिजे. हसू नका. आम्ही सहा मैल वल्हवून खाली पोचलो आणि नवऱ्याने खिसे चाचपले, खालच्या गाडीची किल्ली वरच्या गाडीच्या कपहोल्डरमध्ये. सव्वा तास बसलो काठावर, शेवटी एका मासेमारी करणाऱ्या काकांनी लिफ्ट दिली, त्यांच्या ट्रकमध्ये आमच्यापेक्षा जास्त बर्फ होता.

फोन, किल्ली झिपलॉकमध्ये, ती झिपलॉक दुसऱ्या झिपलॉकमध्ये, आणि ती कयाकला बांधलेली. माणशी दोन बाटल्या पाणी. टोपी. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल, चप्पल नाही, चप्पल पहिल्या बेटावरच चिखलात राहते.

ज्यांना कयाक नको त्यांच्यासाठी फिशरमन्स पार्कपासूनच नदीकाठची छोटी पायवाट आहे, अक्रोडासारख्या पिकानच्या झाडांखालून जाणारी. शरद ऋतूत खाली पिकान पडलेले असतात. आम्ही नदीवरून परत आलो तेव्हा सासूबाईंच्या ओच्यात, म्हणजे माझ्या जॅकेटच्या टोपीत, किलोभर तरी पिकान होते आणि त्या दगडाने फोडून दाखवत होत्या कुठला किडका आणि कुठला चांगला.

या पायवाटेवरून जुना लोखंडी पूल दिसतो, १९२३ चा, चेस्टनट स्ट्रीटच्या चालू पुलाशेजारीच. वर चालायला खुला आहे की नाही ते त्या दिवशी बघा, आमच्या मते तो खालूनच जास्त छान दिसतो. सासरे बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "आमचा एकोणतीसचा आहे." आयर्विनबद्दल बोलत होते. सहा वर्षांचाच फरक, पण तोंडावर भाव असा की धाकट्या भावाचं कौतुक करतायत.

दुपार गावात

जेवण. इथे टेक्सास आहे, बार्बेक्यूचा देश, खाणाऱ्यांनी बॅस्ट्रपहून वीसेक मिनिटांवरच्या एल्गिनला जावं, सॉसेजसाठी प्रसिद्ध, साउथसाइड मार्केट १८८२ पासून चालू आहे. शनिवारी लवकर जा, चांगल्या गोष्टी आधी संपतात. शाकाहारी असाल तर डोळे उघडे ठेवून मागवा. बीन्समध्ये बेकन असतं, हिरव्या शेंगांत असतं, कधी कधी टॉर्टियाच्या पिठातही डुकराची चरबी असते. "नो मीट" म्हटलं की वरचे तुकडे काढून देतात कधी कधी, त्यामुळे "शिजवतानाच घातलंय का" असं विचारा. आम्ही सरळ एक वेळचं घरचं नेतो, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि केबिनमध्ये कुकर लावून मुगाची खिचडी. मुलं कुरकुरतात, संध्याकाळी दमल्यावर तीच पहिली ताट घेऊन येतात.

मेन स्ट्रीट दोन तासांत होतो, जास्त वेळ काढू नका आणि कमीही नको. गावात राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदीतल्या शंभराहून जास्त वास्तू आहेत, सगळ्या बघायच्या नसतात. मी सुरुवात म्युझियम आणि व्हिजिटर सेंटरपासून करते, ते मेन स्ट्रीटवरच आहे, नकाशा मिळतो आणि स्वच्छ बाथरूमही. मग १८८३ चं कोर्टहाउस, १८८९ चं ऑपेरा हाउस, आणि मधल्या दुकानांत ज्याला जे हवं ते. १८६२ मध्ये आग लागून गावाचा बाजार बहुतेक जळाला होता, म्हणून दुकानांच्या इमारती त्यानंतरच्या. रविवारी सकाळी आणि सोमवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून हे शनिवारीच उरका.

पण खरी मजा गोष्टींत आहे, आणि त्या माहीत नसतील तर गाव म्हणजे नुसती विटांची दुकानं. गावाला ज्याचं नाव आहे तो बॅरन डी बॅस्ट्रप, हा बॅरन मुळात बॅरनच नव्हता. जन्म डच गयानात, म्हणजे आजच्या सुरीनाममध्ये, खरं नाव फिलिप नेरिंग बोगेल, हॉलंडमध्ये कर वसुलीच्या पैशात अफरातफरीचा आरोप झाला आणि गडी पळाला, स्पॅनिश मुलखात येऊन स्वतःला बॅरन म्हणवायला लागला. १८२० मध्ये मोझेस ऑस्टिन सॅन अँटोनियोला अमेरिकन वसाहतीची परवानगी मागायला आला, गव्हर्नरने हाकलून दिलं, आणि परत जाताना गाठ पडली या तोतयाची. त्याने गव्हर्नरकडे शब्द टाकला आणि परवानगी मिळाली. म्हणजे अमेरिकन लोक टेक्सासमध्ये रीतसर आले ते एका खोट्या बॅरनच्या वशिल्याने. मोझेसचा मुलगा स्टीफन ऑस्टिन, ज्याच्या नावाने राजधानी आहे, त्यानेच पुढे ही वस्ती वसवली. मध्ये १८३४ ते १८३७ गावाचं नाव मिना होतं, मग पुन्हा बॅस्ट्रप. तोतया जिंकला.

दुसरा जोसाया विल्बार्गर. १८३३ मध्ये आजच्या ऑस्टिनजवळ हल्ल्यात सापडला, डोक्याची कातडी सोलून नेली, सोबतचे मेला समजून निघून गेले. आणि हा माणूस त्यानंतर अकराएक वर्षं जगला. दंतकथा अशी की शेजारच्या वस्तीतल्या बाईला रात्री स्वप्नात तो झाडाखाली जिवंत दिसला आणि तिने नवऱ्याला उठवून पाठवलं. ही गोष्ट मुलांना रात्री केबिनमध्ये सांगू नका. आम्ही सांगितली. मग सगळे एकाच खोलीत झोपलो.

रविवार, जंगल

आता हा भाग सावकाश करा. बॅस्ट्रपच्या आजूबाजूला लॉब्लॉली पाइनचं जंगल आहे, लॉस्ट पाइन्स म्हणतात, हरवलेले, कारण पूर्व टेक्सासचं मुख्य पाइन जंगल इथून शंभरेक मैल लांब आहे आणि हा तुकडा एकटाच इथे राहिलाय. १८३९ मध्ये ऑस्टिन राजधानी म्हणून उभं राहायला लागलं तेव्हा लाकूड इथूनच गेलं.

४ सप्टेंबर २०११, लेबर डेचा वीकेंड. भयंकर दुष्काळ, त्यात ट्रॉपिकल स्टॉर्म ली चे वारे, झाडं विजेच्या तारांवर पडली आणि वणवा पेटला. ३४ हजार एकर, सोळाशेहून जास्त घरं, दोन माणसं गेली. पार्कचा ९६ टक्के भाग जळाला. सीसीसीच्या केबिन मात्र आग विझवणाऱ्यांनी वाचवल्या. नंतर स्वयंसेवकांनी लाखोंनी रोपं लावली, आणि वन खात्याकडे नशिबाने याच लॉस्ट पाइन्सचं बी साठवणीत होतं, बाहेरचं आणावं लागलं नाही.

ट्रेलवर चालताना हे दिसतं. काळे, उघडे, साल गेलेले खांब अजून काही ठिकाणी उभे, आणि त्यांच्या पायाशी दाट, हिरवे, एकसारख्या उंचीचे पाइन, शाळेच्या रांगेत उभे राहिल्यासारखे. एका पडलेल्या ओंडक्याला हात लावला तर तळहात काळा झाला, इतक्या वर्षांनी. सासऱ्यांनी तो रुमालाला पुसला नाही, तसाच घेऊन चालले, का ते मी विचारलं नाही.

इथून पुढे पार्क रोड वन-सी. बारा मैलांचा अरुंद, चढउतारांचा रस्ता, बॅस्ट्रप स्टेट पार्कपासून बिशर स्टेट पार्कपर्यंत (लिहायला ब्यूशर, म्हणायला बिशर). सायकलवाले भरपूर असतात, गाडी हळू. पास किंवा पावती जपून ठेवा, दुसऱ्या टोकाला दाखवावी लागते. बिशरला तळं आहे, तिथे चटई टाकून उरलेल्या दशम्या संपवायच्या. मग स्मिथव्हिलमार्गे पुन्हा ७१, ह्यूस्टनवाल्यांना घरचाच रस्ता.

निघायच्या आधी काउंटीत बर्न बॅन आहे का ते बघा. असेल तर कोळसा, शेकोटी सगळं बंद, आणि तिथल्या लोकांसमोर याबाबत वाद घालू नका, कारण त्यांनी काय बघितलंय ते वर लिहिलंय. ट्रेलवर लांब पँट, मोजे, टिक आणि चिगर या चावऱ्या किड्यांसाठी डीटवाला स्प्रे. तीन पानांची वेल दिसली की हात लावायचा नाही, पॉयझन आयव्ही. सापही आहेत, ओंडका ओलांडताना आधी पलीकडे बघा. आणि वसंतात रात्री तळ्याकाठी बारीक, लांबलचक शिट्टीसारखा आवाज आला तर तो ह्यूस्टन टोड, नाव ह्यूस्टनचं आणि ह्यूस्टनमधून कधीच नाहीसा झालेला, आता मुख्यतः इथेच उरलाय. म्हणून रात्री पार्कात गाडी अगदी सावकाश, तो रस्त्यावर येऊन बसतो.

मागच्या आठवड्यात सासऱ्यांचा सांगलीहून व्हिडिओ कॉल आला. तब्येत, मुलांची शाळा वगैरे झालं, मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "तुमच्याकडे चार दिवस पाऊस दिसतोय, बॅस्ट्रपला पाणी दोन फूट चढलंय. या शनिवारी नका जाऊ."

आम्ही जाणार नव्हतोच, पण बघितलं, खरंच चढलं होतं.